मीटरवरचा एकटा १

नाशिकला डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की आमच्या सिडकोतल्या गल्लीत गीझर एकेक करून मान टाकतात. अंबडला विजेचे पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं टेस्टिंगला होते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे सकाळी सातला दार वाजलं की कोण आलंय हे बघायच्या आधी मी मीटर शोधते, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारा हातातला मल्टिमीटर.

मागच्या हिवाळ्यात समोरच्या काकू आल्या. "ताई, कॉइल गेली म्हणतोय तो गीझरवाला. नवी टाकायची म्हणतो."

"तपासली का त्याने?"

"हो ना, मीटर लावलं की. पीं वाजलं. म्हणाला, शॉर्ट आहे."

पीं वाजलं म्हणून कॉइल शॉर्ट! काकूंना म्हटलं, चहा ठेवा, येतेच. त्या गीझरकडे आपणही येऊ, पण मीटर ते पीं नेमकं कशावरून करतं, हे आधी बघू. ते कळलं की निम्मी फसवणूक टळते. मुद्दाम केलेली आणि अज्ञानातून झालेली, दोन्ही.

रोध म्हणजे करंटला होणारा अडथळा. तो मोजायला मीटर एखादी वस्तू 'बघत' नाही. घोड्याच्या नालेसारख्या चिन्हावर खटका नेला की मीटर स्वतःच्या बॅटरीतून अगदी थोडासा करंट लाल वायरीतून बाहेर सोडतं आणि काळ्या वायरीतून परत घेतं. हा करंट फार तर एखाद्या मिलिॲम्पिअरच्या घरातला. तेवढा करंट ढकलायला किती व्होल्ट लागले ते मीटर मोजतं, भागाकार करतं आणि उत्तर ओहममध्ये दाखवतं. व्होल्ट भागिले ॲम्पिअर म्हणजे ओहम. हा नियम १८२७ साली गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने छापला. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असतानाच त्याने त्याचे प्रयोग केले होते.

दिंडोरीकडच्या आमच्या माणसांना मी हे ठिबकवरून सांगते. पंपाचा दाब म्हणजे व्होल्ट, नळीतून जाणारं पाणी म्हणजे करंट, आणि नळी किती अरुंद, किती तुंबलेली, तो रोध. तोच दाब ठेवून पाणी कमी आलं, तर नळी तुंबलेली. आता दुसरी गोष्ट लक्षात घ्या, पुढे ती कामाला येईल. एका नळीच्या शेजारी दुसऱ्या नळीचा कॉक उघडला तर एकूण पाणी वाढतंच, कमी कधी होत नाही. शेजारी वाट मिळाली की एकूण रोध घटतो.

यावरून पहिला नियम आपोआप निघतो. मीटर स्वतःचा इवलासा करंट सोडून मोजतंय, त्यामुळे मोजायच्या वस्तूत बाहेरून वीज येत असली तर सगळा हिशोब कोलमडतो, आणि कधी कधी मीटरही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी खटका ओहमवर असताना दोन्ही टोकं चालू २३० व्होल्टवर टेकवली. फट्. प्लॅस्टिक जळल्याचा वास. सुपरवायझर काहीच बोलले नाहीत. फक्त ते काळं पडलेलं मीटर पंधरा दिवस माझ्याच टेबलावर ठेवायला लावलं. तेव्हापासून मेन स्विच बंद केला की मी आधी मीटर व्होल्टवर नेते, वीज खरंच गेली आहे याची खात्री करते, आणि मगच ओहमवर येते. स्विचवर 'बंद' लिहिलंय एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. कुठल्या तरी वायरमनने न्यूट्रलला स्विच लावलेला असतो, मग स्विच बंद असूनही वस्तूत वीज येतच राहते.

बाजारात मिळणारं ते पिवळं स्वस्त मीटर तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या ओहमच्या भागात २००, २०००, २० के, २०० के, २००० के असे टप्पे असतात. के म्हणजे हजार. खटका २०० वर असेल तर २०० ओहमच्या आतलंच मोजता येतं. त्याच्या वर गेलं की पडद्यावर डावीकडे एकटा १ उभा राहतो. या १ ने जितक्या लोकांना फसवलंय तितकं दुसऱ्या कशानेही नसेल. तो एक ओहम नाही. 'माझ्या या टप्प्यात हे बसत नाही' एवढंच तो सांगतो. मग टप्पा वाढवत जायचं. शेवटच्या टप्प्यालाही १ च राहिला तर वाट तुटलेली आहे, ज्याला आपण ओपन म्हणतो. थोड्या महाग मीटरांवर टप्पा आपोआप बदलतो आणि ओपनला 'ओएल' दिसतं.

जुनी काट्याची मीटरं याच्या उलटी वागतात. त्यांच्यात ओहमची पट्टी उजवीकडून सुरू होते: शून्य उजवीकडे, अनंत डावीकडे, आणि डावीकडे आकडे एकमेकांना चिकटत जातात. अॅम्पिअर, व्होल्ट, ओहम तिन्ही मोजणारं एकच मीटर १९२३ साली बाजारात आलं. ब्रिटिश पोस्ट खात्यातला डोनाल्ड मॅकॅडी नावाचा इंजिनिअर वेगवेगळी उपकरणं वागवून कंटाळला होता म्हणे. आपल्याकडे आयटीआयच्या लॅबमध्ये 'मोटवाने' लिहिलेलं मीटर पुष्कळांनी हाताळलेलं असतं. ती कंपनी आपल्या नाशिकरोडची. टेबलाला साखळीने बांधलेल्या त्या मीटरचा कारखाना रोजच्या बसच्या वाटेवर आहे, हे मला शिकून झाल्यावर कळलं.

आता पीं. कंटिन्युइटीचा, म्हणजे वाट सलग आहे का हे सांगणारा भोंगा शून्य ओहमलाच वाजतो असा समज आहे. तसं नाही. बहुतेक मीटरं काही दहा ओहमपर्यंत वाजत राहतात. नेमकी मर्यादा मीटरागणिक वेगळी. काकूंच्या गीझरवर २००० वॅट लिहिलं होतं. घरातल्या कुठल्याही तापणाऱ्या वस्तूचा रोध काढायला २३० गुणिले २३० करायचं आणि वॅटने भागायचं. ५२,९०० भागिले २००० म्हणजे सुमारे साडेसव्वीस ओहम. म्हणजे धडधाकट कॉइलवरही पीं वाजू शकतं! वाजलं म्हणून शॉर्ट, या न्यायाने नाशिकमधली प्रत्येक कॉइल शॉर्ट ठरेल. हेच गणित करून ठेवा: १००० वॅटची इस्त्री ५३ ओहमच्या आसपास, १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड ३५ च्या, ३००० वॅटचा गीझर साडेसतरा-अठराच्या.

मी मेन बंद केला, झाकण काढलं, कॉइलची एक वायर सोडवली. ती सोडवणं महत्त्वाचं, नाहीतर शेजारच्या वाटा मोजणीत घुसतात. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली: ०.६. हा मीटरच्या वायरींचाच रोध, तो वजा करायचा. मग कॉइल: २७.२. वजा जाता २६.६. नव्या कॉइलचाही हाच आकडा आला असता.

मग बॉडी. खटका २००० के वर, एक टोक कॉइलच्या पिनेला, दुसरं टाकीच्या धातूला, रंग खरवडून. एकटा १. चांगलं. इथे काहीतरी आकडा आला असता तर चिंतेचं होतं. समजा ४० के आला. म्हणजे ४०,००० ओहम, ऐकायला केवढा मोठा. पण २३० भागिले ४०,००० म्हणजे जवळजवळ ६ मिलिॲम्पिअर. अर्थिंग धड नसेल तर नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, मात्र एवढ्याला पडत नाही. तिला तेवढी गळती व्हायला रोध साडेसात-पावणेआठ हजार ओहमपर्यंत उतरावा लागतो. कॉइलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते. नळीला चीर गेली की ती भुकटी पाणी पिते आणि गळती सुरू होते.

पण १ दिसला म्हणून मी शपथेवर सांगणार नाही की इन्सुलेशन ठीक आहे. मीटरचा जोर जेमतेम दोन-तीन व्होल्टांचा. २३० व्होल्टला जी भिंत कोसळते ती दोन व्होल्टला भक्कम दिसू शकते. त्यासाठी ५०० व्होल्ट लावून मोजणारा मेगर लागतो. कारखान्यात आमचं एकही पॅनल मेगरशिवाय दाराबाहेर जात नसे. घरी मात्र मीटर एवढंच सांगतं: आकडा आला तर नक्की वाईट, आकडा नाही आला तर बहुधा ठीक.

तर कॉइल ठीक. राहिला थर्मोस्टॅट, ज्याच्या डोक्यावर कटआउटचं छोटं लाल बटण असतं. त्याच्या दोन टोकांवर मीटर लावलं: १. वाट तुटलेली. बटण दाबलं, टक् झालं, पीं वाजलं. काकूंचा चेहरा खुलला, "झालं की!" झालं नव्हतं. कटआउट उगाच उडत नाही, पाणी प्रमाणाबाहेर तापलं म्हणूनच उडतो, आणि पाणी तेवढं तापू न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. मी त्याची दांडी बाहेर काढली, गॅसवर पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि कटआउट सोडून फक्त थर्मोस्टॅटच्या पॉइंटवर मीटर जोडून दांडी त्यात बुडवली. पाणी खळखळायला लागलं तरी पीं चालूच. आतले पॉइंट वितळून चिकटले होते. बटण दाबून मोकळं झालं असतं तर चार दिवसांत गीझर पुन्हा उकळला असता. नवा थर्मोस्टॅट कॉइलच्या किमतीच्या कितीतरी आत आला. काकूंनी तिळगूळ दिला, संक्रांत दोन आठवडे लांब असताना.

त्याच गीझरच्या प्लगची एक पिन तपकिरी झाली होती. त्यावर पीं वाजत होतं, अर्थात. पण समजा त्या सैल पिनेचा रोध फक्त एक ओहम आहे. २००० वॅटचा गीझर ८.७ ॲम्पिअर खेचतो. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे तिथे ७५ वॅटची उष्णता. २५ वॅटचे तीन सोल्डरिंग आयर्न एका पिनेवर टेकवून ठेवल्यासारखं. अर्धा ओहम असला तरी ३८ वॅट. आणि मीटरच्या वायरींचाच रोध अर्धा ओहम! त्यामुळे असला दोष साध्या मीटरला दिसतच नाही. तिथे डोळा, नाक आणि पिनेचा रंग जास्त खरे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत स्विचगिअरच्या, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांच्या, पॉइंटचा रोध मायक्रो-ओहममध्ये, म्हणजे ओहमच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. त्यासाठी चार वायरी लागतात. दोन वायरींतून मोठा करंट, अनेकदा १०० ॲम्पिअर, सोडतात आणि वेगळ्या दोन वायरी थेट पॉइंटला टेकवून तेवढ्याच भागातले व्होल्ट मोजतात. मापणाऱ्या वायरींतून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून त्यांचा स्वतःचा रोध हिशोबात येत नाही. 

थंड आणि गरम यातला फरकही मीटर सांगत नाही. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मोजा. गणिताने ५२९ ओहम यायला हवेत. मीटर चाळिसाच्या आसपास दाखवेल. मीटर बरोबर आहे. टंगस्टनची तार पांढरी तापली की तिचा रोध बारा-तेरा पटींनी वाढतो आणि तुम्ही मोजता आहात थंड तार. बल्ब बहुतेक वेळा चालू करण्याच्या क्षणीच का उडतो, त्याचं उत्तर यातच आहे: त्या क्षणी करंट कितीतरी पट जास्त असतो. गीझरच्या कॉइलची नायक्रोम तार मात्र तापली तरी फारशी बदलत नाही, म्हणून तिथे गणित जुळतं.

माझा भाचा सध्या आयटीआयला आहे आणि त्याला सर्किट बोर्डाचं वेड लागलंय. परवा एका चार्जरच्या बोर्डावरचा रेझिस्टर दाखवत होता. त्यावर रोध सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या: पिवळा, जांभळा, लाल, सोनेरी. पिवळा ४, जांभळा ७, लाल म्हणजे पुढे दोन शून्यं: ४७०० ओहम, सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. मीटरने ३१०० दाखवले. "मावशी, गेलाय."

"कशावरून?"

"कमी दाखवतोय ना."

ठिबकची दुसरी नळी आठवा. बोर्डावर त्या रेझिस्टरच्या शेजारून इतर भागांतून वाटा आहेत, आणि शेजारी वाट असली की एकूण रोध घटतो. त्यामुळे बोर्डावर असताना लिहिल्यापेक्षा कमी आकडा आला तर काहीच सिद्ध होत नाही. पण जास्त आला, समजा ९०००, तर तो नक्की गेला, कारण शेजारच्या वाटा आकडा वाढवू शकत नाहीत. अपवाद एकच: बोर्डावर कुठे भरलेला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, शिल्लक असेल तर काहीही दिसू शकतं. म्हणून आधी तो रिकामा करायचा, पेचकसाने ठिणगी पाडून नाही, बल्बच्या दोन टोकांतून. भाच्याने एक पाय सोल्डर काढून वर उचलला आणि मोजलं: ४६८०. ठणठणीत.

नंतर त्याने १ मेगाओहमचा सुटा रेझिस्टर दोन्ही हातांच्या चिमटीत, टोकांसकट धरून मोजला आणि सहा लाख आले म्हणून दुकानदाराला नावं ठेवली. शेजारची वाट तो स्वतःच होता. कोरड्या हातांतून अंगाचा रोध लाखांच्या घरात असतो, आणि तो एक मेगाओहमच्या समांतर लागला. मोठे रोध मोजताना फार तर एका टोकाला बोट लावा.

डायोड म्हणजे करंट एकाच बाजूने जाऊ देणारा भाग. त्याच्यासाठी ओहम नाही, डायोडचंच चिन्ह वापरायचं. लाल वायर ॲनोडला, काळी पट्टीच्या बाजूला: साध्या सिलिकॉन डायोडला ५०० ते ७०० मधला आकडा. तो ओहम नाही, मिलिव्होल्ट आहे. वायरी उलटवल्या की एकटा १. दोन्हीकडून पीं वाजलं तर शॉर्ट, दोन्हीकडून १ तर ओपन. लाल एलईडी मंद पेटूनही दाखवतो. काट्याच्या जुन्या मीटरवर हे करणाऱ्यांनी सावध राहावं: बहुतेकांत ओहमला काळ्या वायरीतून धन येतो, लाल ऋण. मी एकदा पूर्ण डबाभर डायोड उलटे म्हणून बाजूला काढले होते. ट्रान्झिस्टर म्हणजे मोजणीपुरते पाठीला पाठ लावलेले दोन डायोड समजा, बेस नावाच्या पायावरून दोन्हीकडे सारखंसं उत्तर यायला हवं. याहून खोलात शिरायचं तर वेगळा लेख लागेल.

पंखा मात्र सांगायलाच हवा. छताच्या पंख्यातून तीन वायरी येतात आणि रंग कंपनीगणिक बदलतात. तीन जोड्या मोजा. समजा १५०, २१० आणि ३६० आले. सगळ्यात मोठा आकडा बाकी दोघांची बेरीज असतो, कारण तिथे दोन्ही वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी, एकामागे एक लागतात. त्या जोडीत जी वायर नाही ती कॉमन. कंडेन्सर त्या मोठ्या आकड्याच्या दोन वायरींमध्ये. बेरीज जुळली नाही तर वाइंडिंगचं काहीतरी बिघडलंय. बेरीज जुळते, पण पंखा हाताने ढकलल्यावरच फिरतो? मग कंडेन्सर. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं आणि मोजला तर दीड भरतो.

हीच तीन आकड्यांची पद्धत मामांच्या द्राक्षबागेत कामी आली. छाटणीनंतर पाणी द्यायचं आणि तीन फेजची सबमर्सिबल मोटर नुसती गुरगुरत होती. बोअर तीनशे फूट. मोटर वर काढायची म्हणजे चेनपुली, माणसं, एक अख्खा दिवस आणि पैसे. मामांनी चेनपुलीवाल्यांना फोनही केला होता. मी स्टार्टर बंद करून मोटरच्या तिन्ही वायरी टर्मिनलमधून सोडवल्या. तीन फेजमध्ये तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. लाल-पिवळी: ४.९. पिवळी-निळी: १. लाल-निळी: १. म्हणजे निळी वाट कुठेतरी तुटलेली. दोन फेजवर मोटर गुरगुरणार नाहीतर काय!

"वाइंडिंगच गेली असणार," मामा म्हणाले.

"मामा, थांबा. बोअरच्या तोंडाशी जोड आहे ना?"

तो उघडून तिथून खाली मोजलं. ४.३, ४.३, ४.४. तिन्ही सारखे, म्हणजे मोटर आणि खालची केबल दोन्ही ठीक. वर ४.९ आले होते, ती तफावत स्टार्टरपासून बोअरपर्यंतच्या केबलची. बिघाड तेवढ्यातच होता. पाइपातून ओढलेली ती केबल खेचून बाहेर काढली तर पंधराएक फुटांवर उंदरांनी निळी वायर पार कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं. तिन्ही फेज मेगरने बॉडीशी तपासून घेतल्यावर केबल बदलली आणि तासाभरात पाणी सुरू झालं.

चेनपुलीवाले तोपर्यंत वणीच्या फाट्यापर्यंत आले होते. मामांनी त्यांना फोन करून परत पाठवलं, आणि डिझेलचे दोनशे रुपये मात्र त्यांनी वसूल केलेच.